रीफ टँकमधल्या माशांना ठिपके आले, कॉपर टाकू का? – नांदेडच्या दादांना सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण याच्यात वेळ फार महत्त्वाचा आहे. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. दादांची ४ फुटी रीफ टँक आहे, म्हणजे कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टँक, दोन क्लाऊन मासे, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबी), थोडे सॉफ्ट कोरल, आणि नऊ दिवसांपूर्वी मुंबईहून एक हिप्पो टँग मासा मागवला. आता टँगच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, दगडाला अंग घासायलाय, एका क्लाऊनलाही दोनचार दिसायलेत. दुकानदारानं एक निळी बाटली दिली, लेबल नाही काही नाही, म्हणाला टोपणभर टाका, दोन दिवसात साफ. दादांनी अर्धं टोपण मेन टँकमधी टाकलं आणि तासाभरात एक श्रिंप आडवा पडला, म्हणून थांबले आणि विचारलं, कॉपर म्हणजे तांब्याचं औषध टाकू का.

थांबलात ते लई चांगलं केलं. आता पहिलं आजच्या रात्रीचं काम. श्रिंप आधी काढा, बादलीत नवीन खारं पाणी, तापमान आणि सॅलिनिटी (खारेपणा) मेन टँकएवढीच, एअर स्टोन सोडा आणि त्यात ठेवा. मेन टँकचं २५ ते ३० टक्के पाणी बदला, ताजा ॲक्टिवेटेड कार्बन पिशवीत भरून जिथं पाणी जोरात वाहतं तिथं ठेवा, स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) चालू राहू द्या. पॉली फिल्टरचा पॅड मिळाला तर तो टाका, तो कॉपर ओढून घेतला की निळसर पडतो म्हणजे तुम्हाला डोळ्यांनी कळतं. क्युप्रिसॉर्ब मिळालं तर तेही चालतं. उद्या परत तेवढंच पाणी बदला. ती बाटली मात्र परत हातात धरू नका. त्यात कॉपर आहे असं श्रिंपवरनं वाटायलंय, पण कोणतं आणि किती हे कुणालाच माहीत नाही, आणि जे मोजता येत नाही ते मी माशाच्या पाण्यात टाकत नाही.

आता मूळ प्रश्न, कॉपर द्यायचं का. द्यायचं, पण मेन टँकमधी कधीच नाही, आणि टेस्टरशिवाय तर अजिबातच नाही. का ते सांगतो.

आमच्या घरी जालन्याकडं मोसंबीची बाग आहे. तिकडं मोरचूद कुणाला सांगायची गरज नाही, एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, हे लहान पोरालाही पाठ असतं. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. नुसती मोरचूद फवारली तर पानं जळतात, म्हणून चुना घालायचा, चुना त्या मोकळ्या तांब्याला धरून ठेवतो. आणि मिश्रण झालं की वडील त्यात विळा बुडवून बघायचे, विळ्यावर तांबूस रंग चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. म्हणजे शेतकरीसुद्धा फवारणीच्या आधी टेस्ट करतो. मी मात्र पंधरा वर्षांपूर्वी टेस्ट न करता तीच घरातली मोरचूद पाण्यात विरघळवून माशांच्या टँकमधी टाकली. खाली कोरल सँड होती, मागं दोन दगड. कोरल सँड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याचाच भाऊ. तिनं पहिला डोस गिळून टाकला. मासे तसेच घासत राहिले म्हणून दुसऱ्या दिवशी अजून टाकलं, तिसऱ्या दिवशी अजून. चौथ्या दिवशी सकाळी दोन डॅमसेल आणि एक बटरफ्लाय तळाला पडलेले. ती बटरफ्लाय माझ्या हातातनं खायची. तेव्हापासून आकडा बघितल्याशिवाय मी एक थेंब टाकत नाही.

तेव्हा रीफमधी नाही याची कारणं दोन. एक, दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात, म्हणजे लेव्हल टिकत नाही, आणि नंतर तेच कॉपर हळूहळू परत सोडतात. दोन, श्रिंप, खेकडे, गोगलगायी, कोरल, ॲनिमोन, स्टारफिश, या सगळ्यांना कॉपर म्हणजे विष, माशाला जी लेव्हल औषध आहे तिच्या कितीतरी खाली हे मरतात. "रीफ सेफ कॉपर" असं कुणी म्हणालं तर तिथनं उठून या.

पण त्याच्याही आधी, आजार कोणता ते ओळखा. ठिपके मिठाच्या किंवा बारीक रव्याच्या दाण्याएवढे, मोजता येण्यासारखे, आज दिसतात उद्या गायब होतात परवा जास्त येतात, तर तो मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यागत बारीक धूळ, टॉर्च तिरकी मारली की सोनेरी-करडी चमक, श्वास जोरात, मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड घालून उभा, खाणं बंद, तर तो वेल्वेट, म्हणजे ॲमिलोओडिनियम. वेल्वेटमधी दोनतीन दिवसात सगळी टँक रिकामी होते. कल्ले किती वेळा हलतात ते घड्याळ लावून एक मिनिट मोजा, ८०-१०० च्या वर जायलं तर उशीर करू नका. क्लाऊनच्या अंगावर ठिपक्यांऐवजी पांढरट शेंबडासारखा थर सुटायला असेल तर ते ब्रुक्लिनेला, त्याला कॉपर चालत नाही, त्याला फॉर्मेलिनसारखं वेगळं औषध लागतं. परावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी म्हणजे लिम्फोसिस्टिस, तो व्हायरस आहे, चांगलं पाणी आणि चांगलं खाणं दिलं की बहुतेक आपोआप जातो. फ्लूक्सला, म्हणजे कातडी-कल्ल्यांवरच्या बारीक किड्यांना, प्राझिक्वान्टेल. कॉपर इच आणि वेल्वेट या दोघांसाठी आहे, सगळ्या आजारावर एकच बाटली असं नसतं. तुमच्या वर्णनावरनं मला इच वाटतोय, पण श्वास मोजून खात्री करा.

दुकानदाराचं "दोन दिवसात साफ" हे कशामुळं चूक आहे ते समजून घ्या, कारण सगळे इथंच फसतात. इचचा जंतू माशाच्या कातडीच्या आत बसून ३ ते ७ दिवस खातो, मग स्वतःहून गळून पडतो, वाळूवर किंवा काचेवर कवच करून राहतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात, ती फुटून पाण्यात पोहत मासा शोधतात. कॉपर फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीतल्याला लागत नाही, कवचातल्याला लागत नाही. म्हणजे दोन दिवसात ठिपके गेले ते औषधानं गेले नाहीत, जंतू खाऊन गळून पडला आणि आता तळाला वाढायलाय. आठवड्यानं तो दसपट होऊन येतो आणि आपण म्हणतो औषध नकली होतं. म्हणून कॉपर पूर्ण लेव्हलला सलग ३० दिवस ठेवायचं. मधी एकदा जरी लेव्हल खाली घसरली तरी दिवस पहिल्यापासून मोजायचे. मला माहीत आहे हे जीवावर येतं, पण बावीसाव्या दिवशी कंटाळून सोडलेल्या टँक मी बघितल्यात.

आता हॉस्पिटल टँक, म्हणजे आजारी माशांची वेगळी टँक, कॉपर यातच द्यायचं. टँग लहान असेल तर ३० इंच लांब १५ इंच रुंद टँक घ्या, पाणी १३ इंच भरा. लिटर काढायला लांबी रुंदी पाण्याची उंची सगळं इंचात गुणायचं आणि ६१ ने भागायचं, ३० गुणिले १५ गुणिले १३ भागिले ६१ म्हणजे ९६ लिटर. टँकची उंची नाही, पाण्याची उंची धरा, आणि आतून मापा. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही, शिंपले नाहीत. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे मोठे एल्बो आणि टी, धुवून टाकायचे, टँगला रात्री घुसायला जागा लागतेच नाहीतर तो घाबरून जातो. स्पंज फिल्टर, एअर स्टोन, हीटर, झाकण. कार्बन नाही, यूव्ही नाही. तीन मासे ३० दिवस राहणार म्हणजे घाण होणार, आणि कॉपरमुळं फिल्टरचे बॅक्टेरियाही मंदावतात, म्हणून अमोनिया रोज मोजा. जमलं तर एक जास्तीचा स्पंज मेन टँकच्या संपमधी (खालच्या फिल्टरच्या टाकीत) कायम टाकून ठेवायची सवय लावा, अशा वेळी तो तयार मिळतो. आत्ता तुमच्याकडं तो असला तरी त्यावर जंतू असू शकतात, पण कॉपरच्या टँकमधीच जाणार आहे तर चालतं.

अमोनिया वाढला तर पाणी बदला, अमोनिया मारणारं कंडिशनर कॉपरसोबत टाकू नका. ही चूक लई घातक आहे, काही कंडिशनर कॉपरचं रूप बदलून त्याला जास्त विषारी करतात, आणि मासे मेल्यावर लोक कॉपरला दोष देतात. आणि बदलायचं पाणी आधी बादलीत कॉपर टाकून टँकच्या लेव्हलला आणलेलं पाहिजे, नाहीतर तुम्ही २० लिटर बदललं की लेव्हल पडली.

कॉपरचे दोन प्रकार येतात आणि इथं माझी कळकळीची विनंती आहे की नीट वाचा. एक चिलेटेड, कॉपर पॉवर किंवा कॉपरसेफसारखं, यात तांबं दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं असतं, माशाला सोसतं, लेव्हल टिकते. कॉपर पॉवरची लेव्हल २.२५ ते २.५ पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) ठेवतात. दुसरं आयोनिक, क्युप्रामाइनसारखं, त्याची लेव्हल ०.५, तीही दोन टप्प्यात, आधी ०.२५, ४८ तासांनी उरलेलं. कुणीतरी कुठंतरी "अडीच ठेवा" असं वाचतो आणि क्युप्रामाइन अडीचला नेतो, तो पाचपट डोस झाला, मासे रात्रीतनं जातात. साध्या मोरचुदीची लेव्हल तर ०.१५ ते ०.२ एवढीच. मोरचुदीत साधारण पाव भाग तांबं असतं, म्हणजे तुमच्या ९६ लिटरला ७५-८० मिलिग्रॅम मोरचूद झाली, दोन बोटांच्या चिमटीत त्याच्या कितीतरी पट येते. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, त्यात ती टिकत नाही, सकाळ-संध्याकाळ मोजून परत टाकावी लागते, आणि कृषी केंद्रातली मोरचूद शेतीच्या शुद्धतेची. तेव्हा घरात पोतं आहे म्हणून वापरू नका. नवीन माणसानं चिलेटेडच घ्यावं. बाटलीवरची लेव्हल वाचा, त्या कंपनीचंच माना, दोन प्रकार एकत्र करू नका.

मोजायला मी हॅनाचं कॉपर हाय रेंज चेकर वापरतो, ० ते ५ पीपीएम दाखवतं, आकडा थेट येतो. रंग जुळवायच्या किटवर निळा की थोडा जास्त निळा हे ट्यूबलाईटखाली कळत नाही, आणि आयोनिकसाठीची काही किट चिलेटेडला चुकीचं दाखवतात. चेकर महाग वाटेल, पण एका हिप्पो टँगची किंमत आठवा. काचेची बाटली दर वेळी पुसा, बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तरी आकडा हलतो. शंका आली तर परत मोजा. पहिले पाच दिवस दोनदा, मग रोज एकदा, वहीत लिहून ठेवा. मेन टँकमधी आता किती उरलंय हे मात्र या चेकरवर कळणार नाही, त्याला लो रेंजवालं लागतं.

डोस कसा चढवायचा. इच असेल आणि मासा खात असेल तर घाई नको, पहिल्या दिवशी १ पीपीएम, मग रोज थोडं थोडं करत चारपाच दिवसात २.२५ वर. टँग आणि क्लाऊन हे सोसतात. मासा खाणं सोडतोय असं दिसलं तर आहे त्या लेव्हलला एकदोन दिवस थांबा, परत खायला लागला की पुढं जा. वेल्वेट असेल तर मात्र थांबायला वेळच नाही, २४ तासात पूर्ण लेव्हलला न्यावं लागतं, कारण आजार औषधाच्या आधी मारतो. दिवसांची मोजणी पूर्ण लेव्हलला, म्हणजे २.२५ ला, पोचल्यापासून.

मासा काळवंडला, तळाला लोळायलाय, अंग झटकायलाय, श्वास वाढला आणि अमोनिया शून्य आहे, तर कॉपर जड जायलंय. लगेच अर्धं पाणी बिनकॉपरचं बदला आणि कार्बन टाका. आणि काही माशांना मी कॉपर देतच नाही: शार्क आणि रे, सीहॉर्स, पाइपफिश, मँडरिन. पफर, लायनफिश, इल आणि फ्लेम एंजलसारखे छोटे एंजल यांना फार जपून. मँडरिनसारख्याला इच असेल तर टँक ट्रान्सफर करतात, दर तीन दिवसांनी (७२ तासांच्या आत) मासा धुवून वाळवलेल्या आणि नवीन खारं पाणी भरलेल्या टँकमधी हलवायचा, असं चारदा, म्हणजे जंतू गळतो तिथं मासा राहतच नाही. औषध शून्य. पण वेल्वेटला हे चालत नाही. तुमच्याकडं टँग आणि क्लाऊन आहेत म्हणून मी कॉपरच सांगतोय.

आता आपल्या भागाचं. बाहेरच्या देशातले लोक जे लिहितात त्यात हे नसतं. आपल्याकडं एप्रिल-मे मधी ४२ डिग्री सहज, आपण टँकवर फॅन लावतो पाणी थंड करायला, आणि पाणी उडतं. पाणी उडतं पण कॉपर उडत नाही, मीठही उडत नाही. तुमच्या हॉस्पिटल टँकमधी एक इंच पाणी उतरलं म्हणजे साडेसात लिटर गेलं, २.२५ चं २.४४ झालं, काहीही न टाकता. दीडदोन दिवसात एवढं उडताना मी माझ्याकडं बघितलंय. म्हणून भरलेल्या पातळीला काचेवर इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ साध्या आरओच्या पाण्यानं त्या पट्टीपर्यंत भरा, आणि भरल्यावरच कॉपर मोजा. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं किंवा कॉपरवालं पाणी टाकू नका. बोअरचं पाणी तर नाहीच, आपल्याकडच्या बोअरचा टीडीएस काय असतो तुम्हाला माहीत आहे, टँकरच्या पाण्याचाही भरवसा नाही. आरओतनं वाया जाणारं पाणी मात्र फेकू नका, फरशी पुसायला, संडासात वापरा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून माझ्या घरी आरओचं एक बादली पाणीही गटारात जात नाही.

दुसरं म्हणजे लाईट. गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी मावतो, कॉपरनं कल्ल्यांवर ताण, आजारानं कल्ले खराब, अशात दोन तास लाईट गेली की मासा गुदमरतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, नाहीतर एअर पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर टाका. घरातला एक पंखा बंद राहिला तरी चालेल.

खाण्याचं, टँगला नोरी शीट (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्या, मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य), कोळंबी बारीक करून. थोडं थोडं दिवसातनं तीनदा, उरलेलं पाच मिनिटात पाइपनं ओढून घ्या, तिथनंच अमोनिया होतो.

आता मेन टँक. तीनही मासे बाहेर काढा, ज्या क्लाऊनला ठिपके नाहीत तोही. एक जरी मासा आत ठेवला तर जंतूला घर मिळालं. मग टँक ७६ दिवस बिनमाशांची ठेवायची. हा आकडा यासाठी की इचचं कवच फुटायला सर्वात जास्त ७२ दिवस लागल्याची नोंद आहे, बहुतेक कवचं त्याच्या कितीतरी आधी फुटतात, आणि २७ डिग्रीला लवकर, म्हणून काही जण ४५ दिवसांवर भागवतात. मी नाही भागवत. कोरल, गोगलगायी सगळं तसंच राहू द्या, कॉपर निघाल्यावर श्रिंपही परत सोडा, चार दिवसातनं चिमूटभर खाणं टाकत जा म्हणजे बॅक्टेरिया जगतील. त्या काळात एकही नवीन मासा नाही, दुसऱ्याच्या टँकमधला दगड नाही, कोरल नाही. दोन टँकमधी निदान दहा फूट अंतर ठेवा. कॉपर टँकची बादली, जाळी, पाइप, हीटर याला लाल टेप लावा आणि ते आयुष्यभर रीफच्या जवळ नेऊ नका. आधी रीफचं काम करा, मग हॉस्पिटल टँकचं, मग साबणानं हात धुवा. घरात लेकरं असतील तर बाटली वरच्या कपाटात, स्वयंपाकाचा चमचा-वाटी मापाला वापरायची नाही.

३० दिवस झाले की कार्बन टाकून कॉपर काढा, फ्लूक्ससाठी प्राझिक्वान्टेल द्या, आणि उरलेले दिवस मासे तिथंच बिनकॉपरच्या पाण्यात राहू द्या, ठिपके परत येतात का बघत. काढलेलं कॉपरचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडांना टाकू नका, मिठानं झाड जातं आणि कॉपरनं ओढ्यातलं सगळं. आधी दोनतीन दिवस कार्बनमधनं फिरवा आणि मग घरातल्या ड्रेनेजमधी सोडा.

पुढच्या वेळी मासा मागवाल, देवगिरी एक्स्प्रेसनं येवो का ट्रॅव्हल्सनं, रात्रभर पिशवीत असतो. पिशवीत पीएच पडलेला असतो म्हणून अमोनिया मवाळ असतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. तेव्हा उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी पंधरावीस मिनिटं तरंगवा, विकणाऱ्याला आधीच सॅलिनिटी विचारून हॉस्पिटल टँक तेवढ्यालाच तयार ठेवा, मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमधी नको.

आज रात्री श्वास मोजून मला आकडा कळवा, तिन्ही माशांचा वेगवेगळा, आणि टँग नोरी खायलाय का नाही तेही. श्वास ९० च्या वर असेल तर रात्री किती का वाजेनात फोन करा, आपण चारपाच दिवस न थांबता उद्या सकाळीच पूर्ण लेव्हलचं बघू.